रॉक गायकाचा माईक: आधी मॉनिटर बघा, मग माईक

कोल्हापुरात रॉक बँडला मिळणारं स्टेज बहुतेक वेळा एकाच साच्याचं असतं. वीस फूट रुंद, पंधरा-सोळा फूट खोल. मागे मधोमध ड्रम, दोन्ही बाजूंना गिटारचे अँप, पुढे गायक आणि गायकाच्या समोर जमिनीवर एकच मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर. कॉलेजचं गॅदरिंग असो, मंडळाचा गणेशोत्सवातला कार्यक्रम असो की पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय, मांडणी फारशी बदलत नाही. म्हणून माईकची निवडही या मांडणीपासूनच सुरू व्हायला हवी. दुकानात हेडफोन लावून 'कुठला गोड वाजतो' एवढंच बघून घेतलेला माईक अशा स्टेजवर पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. ड्रमर जोरात वाजवायला लागतो, गायक मॉनिटर वाढवायला सांगतो आणि स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी (फीडबॅक) सुरू होते.

इथे सहा माईकचा विचार केला आहे: शुअर एसएम ५८ आणि बीटा ५८ए, सेनहायझर ई ८३५, ई ९३५ आणि ई ९४५, आणि ऑडिक्स ओएम ७. सगळे डायनॅमिक (आवाजानं हलणाऱ्या कॉइलवर चालणारे, बाहेरची वीज न लागणारे), हातात धरायचे, तारेचे. कंडेन्सर माईक, म्हणजे विजेवर चालणारे जास्त संवेदनशील माईक, मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. त्यातले काही फार सुंदर वाजतात, पण छोट्या स्टेजवर गायकाच्या मागे सहा फुटांवर क्रॅश सिंबल (ड्रमची मोठी झांज) असेल तर त्या नाजूक कानात गायकाआधी सिंबलच शिरतो. शिवाय त्यांना मिक्सरकडून केबलमधून येणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि भाड्याच्या प्रत्येक मिक्सरवर ती धड मिळेलच असं नाही.

माईक काय ऐकतो यापेक्षा तो कुठल्या बाजूनं बहिरा आहे, हे रॉक गायकाच्या जास्त कामाचं. एसएम ५८, ई ८३५ आणि ई ९३५ हे कार्डिऑइड, म्हणजे हृदयाच्या आकारात समोरचं जास्त ऐकणारे. यांचा बहिरेपणा बरोबर पाठीमागे, म्हणजे केबल जिथे लागते त्या शेपटाच्या दिशेला, माईकच्या तोंडापासून मोजलं तर १८० अंशांवर. बीटा ५८ए आणि ई ९४५ हे सुपरकार्डिऑइड. यांना समोरचा पट्टा अरुंद मिळतो, बाजूचं कमी ऐकू येतं, पण त्या बदल्यात बरोबर मागे थोडा कान उघडा राहतो. यांची बहिरी जागा शेपटाच्या दोन्ही अंगांना, साधारण १२६ अंशांवर. ओएम ७ हायपरकार्डिऑइड. त्याची बहिरी जागा आणखी पुढे, ११० अंशांच्या आसपास, आणि मागचा कान आणखी उघडा. पुस्तकी आकृतीप्रमाणे बरोबर मागून येणारा आवाज सुपरकार्डिऑइडमध्ये समोरच्यापेक्षा साधारण ११ डेसिबलनं खाली असतो, हायपरकार्डिऑइडमध्ये फक्त ६ डेसिबलनं. खरा माईक सगळ्या स्वरांना इतका काटेकोर वागत नाही. खर्जात ही दिशा सैल पडते. तरी निवडीसाठी एवढा हिशेब पुरतो.

आता हा हिशेब आपल्या एका मॉनिटरला लावून बघू. मॉनिटर गायकाच्या तोंडापासून पाच फूट पुढे जमिनीवर आहे, तोंड त्याच्यापेक्षा चार-सव्वाचार फूट वर. गायकानं माईक जमिनीला समांतर धरला तर मॉनिटर शेपटाच्या खाली साधारण ४० अंशांवर येतो, म्हणजे माईकच्या तोंडापासून १४० अंशांवर. इथे कार्डिऑइड आणि सुपरकार्डिऑइड जवळजवळ सारखेच सुरक्षित. माईक सरळ स्टँडवर असेल आणि शेपूट खाली मॉनिटरकडे झुकलं असेल, तर मॉनिटर बरोबर पाठीमागे येतो. इथे कार्डिऑइड निर्विवाद जिंकतो आणि सुपरकार्डिऑइड शिट्टी मारायला मोकळा होतो. याउलट गायक माईक हातात घेऊन मान मागे टाकून ओरडत असेल, कोपर वर, शेपूट आकाशाकडे, तर मॉनिटर माईकच्या जवळजवळ काटकोनात येतो. कार्डिऑइडचा बचाव इथे निम्म्यावर येतो आणि बीटा ५८ए, ई ९४५, ओएम ७ कामाला येतात.

म्हणजे गिटार वाजवत स्टँडवर गाणाऱ्याचा माईक वेगळा आणि माईक उचलून स्टेजभर फिरणाऱ्याचा वेगळा. 'बीटा म्हणजे ५८ची सुधारलेली आवृत्ती, म्हणून तीच घ्यायची' हा समज यासाठीच महागात पडतो. स्टँडवर गाणाऱ्यानं बीटा ५८ए घेतलाच असेल तर मॉनिटर समोरून हलवून स्टँडच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, गायकाकडे तिरका ठेवायला लावा. साऊंडवाल्याचं दोन मिनिटांचं काम आहे आणि शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज लगेच वाढतो.

ड्रमचं गणित मात्र याच्या उलटं आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. माईकचं तोंड गायकाकडे, आणि गायकाच्या बरोबर मागे ड्रम. म्हणजे माईक थेट ड्रमकडे बघत असतो. मागून कितीही बहिरा असला तरी इथे त्याचा उपयोग शून्य. मध्ये आडवं येतं ते फक्त गायकाचं डोकं, आणि तेही गायक माईकला चिकटून असेपर्यंतच. गायक बाजूला झाला की स्टँडवरचा माईक सिंबलचा माईक होतो, आणि मिक्सरवर त्याचा गेन (माईकचा आवाज वाढवणारी चावी) गायकाच्या हिशेबानं चढवलेला असल्यामुळे सगळा बँड पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजतो. उपाय दोन. ड्रम मधोमध न ठेवता एका कोपऱ्यात सरकवा आणि गायकाला दुसऱ्या अंगाला उभं करा. काटकोनातून येणारा आवाज कार्डिऑइड ६ डेसिबलनं कमी घेतो, सुपरकार्डिऑइड जवळपास ९ आणि हायपरकार्डिऑइड १२. दुसरा उपाय म्हणजे ओठ आणि जाळी यांतलं अंतर. अंतर दुप्पट झालं की गायकाचा आवाज ६ डेसिबलनं पडतो, ड्रमचा तेवढाच राहतो. दोन सेंटिमीटरवर गाणारा आणि आठ सेंटिमीटरवर गाणारा यांत १२ डेसिबलचा फरक पडतो. कुठलाही महाग माईक हा फरक भरून काढत नाही.

आता एकेक माईक.

एसएम ५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून टिकून आहे याला कारण आहे. खर्जात तो मुद्दाम उतरता आहे, त्यामुळे ओठ जाळीला टेकवून गायलं तरी आवाज फारसा फुगत नाही. ४ ते ६ किलोहर्ट्झच्या दरम्यान उठाव आहे, त्यामुळे शब्द गिटारच्या भिंतीतून बाहेर येतात. वरची चमक कमी, म्हणून सिंबल घुसला तरी कानाला टोचत नाही. दोष असा की आवाज नाजूक असेल तर तो थोडा बसका, झाकलेला वाटतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक आवाजाला माईक देतो ते आउटपुट, १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, म्हणजे सहांतल्या बऱ्याच जणांपेक्षा कमी. स्वस्त मिक्सरवर गेन बराच चढवावा लागतो आणि पार्श्वभूमीला खरखर येते. घोगऱ्या, जाड, छातीतून येणाऱ्या आवाजाला मात्र हा उत्तम. त्याचा मोठा गुण कागदावर दिसत नाही: कुठल्याही साऊंडवाल्याचा हात त्याच्यावर बसलेला असतो.

ई ८३५ त्याच वर्गातला, पण स्वभाव वेगळा. आउटपुट २.७ मिलिव्होल्ट, वरचा आवाज उजळ, आणि तोंड जरा मागेपुढे झालं तरी सूर फार बदलत नाही. नवशिक्या गायकाला, किंवा गाताना डोकं सतत हलवणाऱ्याला हा माईक सांभाळून घेतो. पातळ, धारदार आवाजाच्या गायकानं मात्र जपून. वरच्या पट्टीत ओरडताना त्याचा उजळपणा कर्कश होतो.

ई ९३५ आमच्या मते या सहांतला सर्वांत शहाणा कार्डिऑइड. शब्द एसएम ५८ पेक्षा स्पष्ट, ई ८३५ पेक्षा कमी टोकदार, आउटपुट २.८ मिलिव्होल्ट. वजन ३५५ ग्रॅम, म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात मनगटाला जाणवेल एवढं. गिटार आणि गाणं दोन्ही सांभाळणारा, स्टँडवर गाणारा, समोर एकच मॉनिटर असलेला गायक, म्हणजे इथल्या बँडमधले निम्मे गायक, यांनी पैसे साठवून हाच घ्यावा. याच्या आत दिव्यांच्या आणि वायरिंगच्या गुणगुणीला काट देणारी वेगळी कॉइल आहे. डिमर आणि जनरेटरच्या शेजारी गावं लागणाऱ्यांना त्याचं मोल कळेल.

बीटा ५८ए एसएम ५८ पेक्षा ३ डेसिबलनं गरम, म्हणजे तेवढं जास्त आउटपुट देणारा, आणि वरच्या अंगाला बराच चमकदार. खालच्या, भरदार आवाजाला ही चमक फार शोभते. 'स' आणि 'श' मुळातच दातावरून जोरात येणाऱ्या गायकाला हा माईक त्रास देतो आणि सिंबलही जास्त झळकवतो. शिवाय याचा समोरचा पट्टा अरुंद. तोंड दोन बोटं बाजूला गेलं की आवाज पातळ होतो, म्हणून माईक तोंडासमोर स्थिर ठेवण्याची शिस्त हवी.

ई ९४५ हा त्याच जातीचा, पण शांत. आउटपुट २ मिलिव्होल्ट, वरची चमक आटोपशीर. तीव्र, किंचाळणारा आवाज जड गिटारमध्ये बसवायचा असेल आणि गायक माईक हातात घेऊन फिरत असेल, तर बीटा ५८ए पेक्षा आमचा कौल याला. स्टँडवरच्या झुकलेल्या माईकला समोरच मॉनिटर असेल, तर त्याचेही बीटाइतकेच हाल.

ओएम ७ सगळ्यांसाठी नाही. फार गोंगाटाच्या स्टेजसाठी त्याचं आउटपुट मुद्दाम कमी ठेवलं आहे. गेन नेहमीपेक्षा बराच वर न्यावा लागतो, आणि हे माहीत नसलेला साऊंडवाला 'माईक बिघडलाय' म्हणून बदलून टाकतो. ओठ जाळीला लावूनच गाणाऱ्याला यातून सिंबलविरहित, घट्ट आवाज मिळतो. एक वीत मागे जाऊन गायलं तर काहीच मिळत नाही. मेटल गाणाऱ्यानं विचार करावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा.

स्विच असलेले प्रकार निवेदकासाठी ठीक. रॉक गायकाचा अंगठा ऐन धृपदात स्विचवर जातो. बिनस्विचचा मागा.

पकडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चांगला माईक वाया जातो तो इथेच. जाळी मुठीत झाकून धरण्याची सवय अनेक गायकांना असते. माईकची दिशा ठरते ती कॅप्सूलच्या (जाळीआडचा आवाज टिपणारा भाग) मागच्या फटींतून आत येणाऱ्या हवेवर. त्या फटी जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाआडच असतात. तो भाग हातानं बंद केला की कार्डिऑइड काय नि हायपर काय, सगळे चारही बाजूंनी सारखंच ऐकणारे माईक होतात. शिवाय मुठीची पोकळी १ ते २ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. आवाज नाकातून आल्यासारखा, डबड्यासारखा होतो आणि शिट्टी नेमकी तिथेच सुटते. घाबरून माईक हातानं झाकला तर शिट्टी वाढते, ती याच कारणानं. धरायचं ते जाळीच्या खाली, दांड्याच्या मधोमध.

आपल्या भाषेत हवा सोडणारी अक्षरं भरपूर: फ, भ, थ, ध, ख, घ. मराठी रॉक गाताना 'भ' आणि 'फ' जाळीवर थेट आदळले की स्पीकरमधून धप्प आवाज येतो. माईक ओठांच्या समोर न धरता खालच्या ओठाच्या किंचित खाली, हनुवटीच्या बाजूनं वर रोखून धरला तर हवा वरून निघून जाते. मिक्सरवर १०० ते १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा स्विच) चालू ठेवा. पुरुषी आवाजातून त्यानं कामाचं काही जात नाही. जवळून गाताना आवाज फुगत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झमध्ये ३ डेसिबल काढा. किंचाळी टोचत असेल तर २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये थोडं काढा, वरची ट्रेबलची चावी पूर्ण खाली आणू नका. गेन लावताना गायकानं हळू आवाजात 'चेक, चेक' म्हणणं निरुपयोगी. गाण्यातली सगळ्यांत जोराची ओळ पूर्ण ताकदीनं गाऊन घ्या आणि डिजिटल मिक्सरवर मीटर उणे १० ते १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असा गेन ठेवा. कंप्रेसर (जोराचा आवाज दाबणारं यंत्र) लावून नंतर आवाज परत वर उचलला तर शिट्टी तेवढीच जवळ येते, म्हणून मॉनिटरला जाणारा आवाज शक्यतो बिनकंप्रेसरचा पाठवा. इको तर मॉनिटरमध्ये नकोच. न लागणारे माईक बंद ठेवा. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची मोकळीक ३ डेसिबलनं घटते.

केबलवर कंजुषी केली तर माईकचे पैसे पाण्यात. भाड्याच्या संचात अनेकदा एका टोकाला तीन पिनचा एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोनो पी-३८ (गिटारला लागतो तसा जाड जॅक) अशी केबल येते. ही बॅलन्स्ड, म्हणजे दोन तारांवर सिग्नल नेऊन बाहेरची गुणगुण रद्द करणारी, नसते. दहा-पंधरा मीटर लांबीत ती दिव्यांच्या डिमरची गुणगुण गोळा करते आणि मग दोष माईकला लागतो. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली, सहा ते दहा मीटरची स्वतःची केबल ठेवा. मल्टिमीटरनं १ला १, २ला २, ३ला ३ जुळतात का आणि कुठली पिन दुसऱ्या पिनेला चिकटलेली नाही ना, हे तपासा. तपासताना केबल टोकाशी वाकवून बघा, कारण तार तुटते ती तिथेच. धडधाकट बॅलन्स्ड केबलवर फँटम पॉवर चालू राहिली तरी डायनॅमिक माईकला अपाय होत नाही. खराब किंवा चुकीच्या जोडणीच्या केबलवर मात्र भरवसा नाही, म्हणून त्या चॅनेलवर ती बंदच ठेवलेली बरी.

नकली एसएम ५८ आणि बीटा ५८ए बाजारात सर्रास येतात. वजन ही पहिली खूण. खरा एसएम ५८ २९८ ग्रॅमचा, बीटा ५८ए २७८ ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. वजन जुळलं म्हणजे खरा असं नाही, पण पन्नास ग्रॅमनं हलका भरला तर तिथेच परत करा. जाळी फिरवून काढा. आटे खडबडीत, आतला फोम सैल, कॅप्सूल हलताना जाणवणारी, असं काही दिसलं तर नको. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत 'सीलबंद' मिळत असेल तर आणखी काही तपासायची गरज नाही. अधिकृत विक्रेत्याचं जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या, मग तो विक्रेता कोल्हापुरातला असो की पुण्या-मुंबईचा.

दुकानात ऐकायचं ते स्पीकरवर, आणि दोन माईक एकदम. दोन्ही शेजारी शेजारी धरा आणि सारख्याच अंतरावरून बोलताना दोघांचा आवाज सारखा ऐकू येईल असे गेन जुळवा. आउटपुट वेगळं असल्यामुळे हे न करता ऐकलं तर जोरात वाजणारा माईकच चांगला वाटतो. मग तीच ओळ एक सेंटिमीटरवरून, चार बोटांवरून आणि एक वीत लांबून गा. तोंड ४५ अंश बाजूला नेऊन गा. पूर्ण ताकदीनं ओरडा, लाजू नका. एका मित्राला तुमच्या मागे सहा फुटांवर मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर ड्रमचं रेकॉर्डिंग वाजवत उभं करा आणि न गाता माईकमधून काय येतं ते ऐका. शेवटी दांड्यावर बोटं फिरवा, माईक एका हातातून दुसऱ्या हातात घ्या. खडखड किती येते ते कळेल. वीस मिनिटं लागतात. दुकानदार एवढं करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

आपल्याकडे कार्यक्रमांची गर्दी गणपतीत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. जाळीच्या आतला फोम थुंकी, घाम आणि दमट हवा शोषून घेतो आणि आठवड्याभरात वास मारायला लागतो. वास ही नंतरची तक्रार. फोम ओला राहिला की वरचे स्वर मंदावतात आणि माईक म्हातारा झाल्यासारखा वाजतो. कार्यक्रमानंतर जाळी काढून कोमट साबणाच्या पाण्यात फोमसकट धुवा, झटका आणि पंख्याखाली रात्रभर पूर्ण वाळू द्या. कॅप्सूलला पाणी लावायचं नाही, ब्रशही नाही. ओलसर जाळी चढवून माईक पाऊचमध्ये कोंबला तर आतून गंज धरतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर पावसाळ्यात बदला. पडून चेपलेली जाळी ठोकून सरळ करत बसू नका. एसएम ५८ची जाळी आरके१४३जी या क्रमांकानं सुटी मिळते, बीटा ५८एची आरके२६५जी. कॅप्सूलच गेली असेल तर एसएम ५८ साठी आर५९ आणि बीटासाठी आर१७४ मागवता येते, आणि सोल्डरिंग येणारा माणूस ती बसवून देतो.